आमंत्रण त्यांनी दिलं, यांनी घेतलं. तुम्हा दोघींना कोणी विचारलं?

सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मूळ पत्र चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. त्यातलं गरजेपुरतं इथे देते.

«माझं वय साठ. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. यांचा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमधला जिवलग मित्र पुढे ऑस्ट्रेलियात गेला, वुलनगाँग नावाच्या समुद्रकाठच्या शहरात पोलाद कारखान्यात लागला आणि तिथेच स्थायिक झाला. तिकडे जाण्याआधी ते दोघं आणि आम्ही एकाच वाड्यात शेजारी होतो. त्याची बायको आणि मी हळदीकुंकवापासून बाळंतपणापर्यंत एकमेकींच्या मदतीला. आता त्यांनी आम्हाला सहा आठवडे राहायला बोलावलंय. घरातून समुद्र दिसतो म्हणे. ‘तिकीट तेवढं काढ, बाकी एक रुपया खर्च करायचा नाही,’ असं व्हिडिओ कॉलवर ठरलं. हे हरखून गेलेत. माझी मात्र झोप उडाली आहे. २०१९ च्या महापुरात आमचा तळमजला पाण्यात होता, तेव्हा या मित्राने न विचारता दोन लाख रुपये पाठवले. त्यातून वायरिंग, स्वयंपाकाचा ओटा, सासूबाईंचा पलंग एवढं झालं. परत द्यायला गेलो तर घेतले नाहीत. ते ओझं असताना वर सहा आठवडे फुकट राहायचं? मी म्हटलं, हॉटेलात राहू. तर म्हणे मित्राचा अपमान होईल. शिवाय हे कृष्णेत पोहून वाढलेले, तिथे रोज समुद्रात उतरणार म्हणतात. सासूबाई ८५ वर्षांच्या आहेत, त्या नणंदेकडे राहायला तयार आहेत. मैत्रीण अजून आठवड्यातले तीन दिवस तिथल्या एका वृद्धाश्रमात कामाला जाते, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मागे ते इकडे आले तेव्हा आमच्याकडे जेवले, पण उतरले हॉटेलात. तेही मला लागलं होतं. कोणाचं मन न दुखावता न जाण्याचं एखादं कारण सुचवाल का?»

ताई,

कारणच हवं असतं तर ते तुमच्या घरात तयार होतं. ‘सासूबाईंना एकटं सोडवत नाही’ म्हटलं असतंत तर या दुनियेत कोणी उलट बोललं नसतं. तुम्ही ते वापरलं नाहीत, उलट सासूबाईंची सोय लावून ठेवलीत आणि मग मला पत्र लिहिलंत. त्यातलं जवळजवळ एक पान त्या वाड्यातल्या दिवसांवर आहे (ते मी इथे छापलेलं नाही, पण दोनदा वाचलं). तेव्हा तुम्हाला जायचं आहे असं धरूनच मी पुढचं लिहिते.

तुमच्या चार पानांत एक गोष्ट कुठेच सापडली नाही: मैत्रीण काय म्हणाली? मित्र काय म्हणाला ते आहे, हे काय म्हणाले ते आहे, सासूबाई आणि नणंद काय म्हणाल्या तेही आहे. तिचं मात्र एक वाक्य नाही. म्हणजे आमंत्रण एका पुरुषाने दिलं, दुसऱ्याने घेतलं, आणि सहा आठवडे ज्या बाईच्या स्वयंपाकघरातून हा पाहुणचार निघायचा तिला कोणी विचारल्याची नोंद नाही. तुम्हालाही विचारलेलं दिसत नाही, पण तुमचं नंतर बघू.

सांगलीत तुमच्याकडे पाहुणे आले तर काय होतं? धुण्याभांड्याला मावशी येतात, दूधवाला दारात येतो, भाजीवाली गल्लीत हाक मारते, पोळ्यांना बाई लावता येते, अगदीच थकलात तर कोपऱ्यावरच्या खानावळीतून भाजी-आमटी आणता येते. तिकडे यातलं काही नाही. भांडी मशिनमध्ये लावायची आणि काढायची माणसानेच, चादरी बदलायच्या माणसानेच, बाथरूम घासायचं माणसानेच, आणि ते माणूस बहुतेक वेळा घरातली बाई. तुमची मैत्रीण आठवड्यातले तीन दिवस म्हाताऱ्या माणसांना उठवण्या-बसवण्याचं काम करते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने हे काम करून घरी यायचं आणि चार माणसांच्या पोळ्या लाटायच्या, असे सहा आठवडे. तिने ‘नको’ म्हटलं नसेल. आपल्या पिढीतल्या किती बायकांना ‘नको’ म्हणता येतं? तुम्हाला तरी यांना सरळ म्हणता आलं का? माझ्याकडे कारण मागायला आलात.

म्हणून पहिलं काम फोनचं. तुम्ही तिला करायचा, एकटीने, आणि व्हिडिओ कॉल नको. व्हिडिओवर दोन्हीकडचे नवरे मागून डोकं घालतात आणि हसून सगळं गोड होतं. साधा आवाजी फोन करा. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास असतं, ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच. आपले सकाळचे दहा म्हणजे तिची दुपार. तिच्या सुट्टीच्या दिवशी त्या वेळेला ती बहुधा मोकळी असेल. बोलताना प्रस्तावना नको. ‘तुझा खरा विचार सांग. किती दिवस आम्ही आलेलं तुला झेपेल? कोणत्या महिन्यात? तुझ्या कामाच्या दिवशी घरातलं काय आमच्यावर सोपवशील?’ एवढंच विचारा आणि मग गप्प बसा. ती आधी ‘अगं काहीतरीच काय, हवं तितकं राहा’ म्हणेल. ते पहिलं उत्तर सोडून द्या. दुसऱ्यांदा विचारल्यावर जे येईल ते खरं.

आता माझं मत. सहा आठवडे फार होतात. आपल्याकडे म्हणतात ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. एवढ्या लांबच्या प्रवासाला तीन दिवसांचा हिशोब लागू नाही हे कबूल, तिकिटाचे पैसे तरी वसूल व्हायला हवेत. पण होस्टेलमधली मैत्री वेगळी आणि एका छपराखाली महिनाभर राहणं वेगळं. तुम्ही वाड्यात शेजारी होतात, तेव्हा प्रत्येकीचं दार वेगळं होतं आणि ते रात्री लागत होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या सवयी बदलल्या असतील, तुमच्याही. ते रात्रीचं साडेसहाला जेवत असतील, तुमच्याकडे नऊ वाजत असतील. तो घरात चपला घालून फिरत असेल. तुमच्या यांना पहाटे पाचला मोठ्याने बातम्या लावायची सवय असेल. ही भांडणं नव्हेत, पण चौथ्या आठवड्यात ती भांडणासारखी वाटायला लागतात.

एकूण तीन आठवडे करा. त्यातले पहिले दहाएक दिवस त्यांच्या घरी. मग मधले चार-पाच दिवस बाहेर, आणि इथे माझी एक सूचना आहे जी तुमच्या यांना आवडेल आणि तुमचं ओझंही हलकं करेल. वुलनगाँगच्या दक्षिणेला गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर कियामा नावाचं छोटं गाव आहे. तिथे खडकाला एक मोठं भोक आहे. आग्नेयेकडून जोराच्या लाटा आल्या की त्यातून पाण्याचा फवारा झाडाएवढा उंच उडतो, आणि ते बघायला माणसं तासन्‌तास उभी राहतात. तिथे दोन खोल्यांचं, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. तुमच्या पैशाने, तुमच्या नावाने, इथूनच बुक करून. आणि त्या दोघांना तिथे पाहुणे म्हणून बोलवा. ‘चार दिवस तुम्ही आमच्याकडे.’ त्या घरात चहा तुम्ही करायचा, पोहे तुम्ही करायचे, भांडी तुमच्या यांनी. मैत्रिणीने खुर्ची घेऊन समुद्राकडे तोंड करून बसायचं आणि कपालाही हात लावायचा नाही. हॉटेलात उतरल्याने मित्राचा अपमान होईल म्हणतात ना, यात अपमान कुठे आहे? उलट तुम्ही त्यांना बोलावताय. त्यानंतर शेवटचा आठवडा परत त्यांच्या घरी, तोवर सगळेच जरा ताजेतवाने झालेले असतील.

यांना चहा करता येतो का, ताई? पत्रावरून वाटत नाही. अजून वेळ आहे, आतापासून हात बसवा. मैत्रिणीच्या कामाच्या तीन दिवशी दुपारचं जेवण दोन्ही पुरुषांनी बनवायचं हे जाण्याआधीच ठरवून टाका. वरण-भात आणि पापड भाजला तरी पुष्कळ. आठवड्यातले एक-दोन दिवस तुम्ही दोघंच सकाळी घराबाहेर पडा आणि संध्याकाळी परत या. यजमानांना आपलं घर आपल्यापुरतं मिळणं यासारखी भेट नाही. वुलनगाँगहून सिडनीला आगगाडी जाते, सुमारे ऐंशी किलोमीटर, दीड तासाच्या आसपास. बराचसा रूळ समुद्राच्या कडेने डोंगर कापत जातो, खिडकीची जागा धरा. तिकिटाची रांग नाही. बँकेचं कार्ड स्टेशनवरच्या खांबाला टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. ते कार्ड मात्र इथूनच तयार करून न्या. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार आपोआप सुरू नसतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करावे लागतात, आणि टेकवून पैसे देण्याची सोय वेगळी चालू करावी लागते. सांगलीतच एका दुकानात करून बघा.

हे कार्डाचं मी एवढं का लांबवते, तर तुमचं मिंधेपण तिथे काउंटरवर रोज नवं होणार आहे. चौघं कॉफी प्यायला जाता. तुमचे हे खिशातून पाकीट काढतात, चष्मा लावतात, नोटेवरचा आकडा वाचतात, तोवर मित्राने फोन टेकवून बिल दिलेलंसुद्धा असतं. मग ‘अरे मी देतो’, ‘राहू दे रे’, मागे रांग खोळंबलेली. दहा दिवस हे झालं की तुमच्या पोटात गोळा येणार. काउंटरवर भांडून हे सुटत नाही, आधी वाटणी करून सुटतं. पहिल्याच संध्याकाळी सांगायचं: तीन आठवड्यांचं वाणसामान, भाजी, दूध आमचं. लांब फिरायला गेलो की गाडीचं पेट्रोल आमचं. कियामाचं घर आमचं. बाकी तुझं, त्यात आम्ही बोलणार नाही. वाणसामानाला तुम्ही स्वतः जा, मैत्रिणीच्या यादीप्रमाणे आणा. एक रुपया खर्च करायचा नाही हे मित्र म्हणाला ते प्रेमाने म्हणाला, ते खरं करून दाखवायला कोणी सांगितलेलं नाही.

हीच गोष्ट व्हिसाच्या कागदांतही येईल. पर्यटक व्हिसाला (त्यांच्या भाषेत सबक्लास सहाशे) अर्ज ऑनलाइन असतो. बोटांचे ठसे द्यायला मोठ्या शहरातल्या केंद्रावर जावं लागतं. मित्राकडून आमंत्रणपत्र घ्या, त्यात राहायची सोय माझ्याकडे आहे एवढं असू दे. ‘सर्व खर्च मी करणार’ हे वाक्य घालू नका. यांचं पेन्शन आहे, तुमच्या ठेवी असतील, घर आहे. तेच कागद जोडा. तुम्ही आपल्या पायावर जाताय आणि परत येणार आहात हे अधिकाऱ्यालाही त्यातूनच कळतं. व्हिसा हातात पडल्यावरच पक्कं तिकीट.

कधी जायचं? ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. तिकडे तेव्हा वसंत असतो, थंडी सरलेली, उन्हाळा यायचा आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत दक्षिणेकडे परतणारे देवमासे किनाऱ्यावरून दिसू शकतात. डिसेंबर-जानेवारीत तिकडच्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या, कियामाला घर मिळणार नाही आणि विमानाचे दर चढलेले. मे महिन्यात सांगलीच्या उन्हातून पळून जायचा मोह होईल, पण जूनपासून त्यांचा हिवाळा आणि समुद्रकाठचा वारा. फक्त दिवाळी घरी करायची की तिकडे, ते सासूबाईंना विचारून ठरवा. त्यांच्याबद्दल आणखी काही सांगायची गरज वाटत नाही. त्या नणंदेकडे आनंदाने चालल्यात, त्यांना जाऊ द्या.

प्रवासविमा काढाच. तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा काही देशांशी करार आहे, त्यात भारत नाही. रक्तदाब, साखर, जे काही आहे ते फॉर्ममध्ये खरं लिहा, लपवलेल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजीतल्या चिठ्ठीसह. तीन महिन्यांपुरती नेता येतात, तुम्हाला पुरेशी आहेत.

आता बॅगेत काय न्यायचं. तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीला सातारचे कंदी पेढे फार आवडतात आणि दोन किलो न्यायचा विचार आहे. नेऊ नका. पेढे, बर्फी, कलाकंद, गुलाबजाम, खव्याचं-दुधाचं काहीही तिकडे चालत नाही. गुरांना होणारा लाळ्या-खुरकूत हा रोग ऑस्ट्रेलियात नाही आणि तो येऊ नये म्हणून ते दुधाच्या पदार्थांबाबत अतिशय कडक आहेत. कच्चे तांदूळ, जिरे, धने, हरभरे यांनाही बंदी आहे, त्याचं कारण धान्यातली एक कीड. विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याचं, लाकडाचं, बियांचं काही आहे का असं विचारलेलं असतं. ‘आहे’ या चौकटीवर खूण करा. खूण करून दाखवलंत तर फार तर वस्तू काढून ठेवतील. न सांगता सापडलं तर जबर दंड, आणि पाहुण्यांचा व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. विमानतळावरून परत पाठवलेल्या पाहुण्यांची गोष्ट पेढ्यांवरून घडावी हे कोणालाच नको.

मग न्यायचं काय? सांगलीकराला हा प्रश्न पडू नये. मार्केट यार्डातली हळद, दळलेली, कंपनीच्या सीलबंद पाकिटात, लेबलसह. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, बेदाण्याला त्याआधी २०१६ मध्ये. बेदाणे आणि भडंगही न्यायचं तर कंपनीच्या पॅकिंगमध्येच, घरच्या डब्यात नाही. आणि या तिन्ही वस्तू विमानातल्या त्या कार्डावर लिहायच्या, काउंटरवर दाखवायच्या. अधिकाऱ्याने एखादं पाकीट ठेवून घेतलं तर चेहरा पाडू नका. माझं विचाराल तर खाण्यापेक्षा मऊ सुती साडी न्या, किंवा त्या वाड्याचे जुने फोटो मोठे करून न्या. फोटोंना कसलीच बंदी नाही.

आता पोहणं. इथे मी जरा रेंगाळणार, कारण तुमची भीती मला सगळ्यात रास्त वाटते आणि यांना ती हसण्यावारी नेता येईल अशी आहे. ‘कृष्णेच्या पुरात उडी मारलेला माणूस मी’ असं ते म्हणत असतील. त्यांना भीती घालू नका, ते पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर आहेत, त्यांना पाण्याची भाषा सांगा. नदीची ओढ एका दिशेला असते आणि काठ दोन्हीकडे असतो. समुद्रात तसं नाही. लाटा एकामागून एक पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये जिथे खोलगट पट्टा सापडेल तिथून जोरात आत ओढलं जातं. या पट्ट्यावर पाणी खोल, म्हणून तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पाणी, असं दिसतं. नदीत पोहलेला माणूस डोळे झाकून तीच शांत जागा निवडतो. आणि ओढ लागली की सवयीने किनाऱ्याकडे तोंड करून हात मारायला लागतो, म्हणजे थेट प्रवाहाविरुद्ध. चांगला पोहणारा दमतो तो असाच.

तिथला नियम सोपा आहे. पोहण्याच्या हंगामात, साधारण सप्टेंबरअखेरपासून एप्रिलअखेरपर्यंत, ठरावीक किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात आणि ते दोन लाल-पिवळे झेंडे रोवतात. त्या दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात उतरायचं, झेंडे नसतील तर उतरायचं नाही. भरती-ओहोटी आणि वाळू बदलते तसे झेंडे दिवसातून जागा बदलतात, म्हणून ‘काल इथेच होते’ चालत नाही. ओढ लागलीच तर झुंजायचं नाही. पाठीवर तरंगायचं, एक हात उंच करून मदत मागायची. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं. यांनी एवढं कबूल केलं तर मनसोक्त पोहू द्या. नाही केलं तर मित्राला सांगा, तो तिथे आयुष्य काढलेला माणूस आहे, तो ऐकवेल.

तुमच्यासाठी तिकडे आणखी एक सोय आहे. त्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी खडकात भिंत घालून समुद्राच्या पाण्याचे तलाव केलेले आहेत. लाट भिंतीवरून आत सांडते, पण ओढ नसते. म्हाताऱ्या बायका सकाळी तिथे कंबरभर पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात. मैत्रिणीच्या गुडघ्यालाही पाण्यात चालणं मानवेल, तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या. कपड्यांची चिंता करू नका. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग घालून उतरा, कोणी वळून बघत नाही, आणि तिथल्या उन्हाला तेच बरं. ते ऊन फसवं असतं, हवा गार लागते आणि कातडी भाजते. टोपी आणि सनस्क्रीन यांनाही, ‘आम्हाला कशाला’ म्हटलं तरी.

राहिले दोन लाख. हे शेवटी घेतलं, कारण तुमच्या झोपेचं खरं कारण तेच आहे. ते पैसे तिकडे रोख घेऊन जाऊ नका. निघायच्या दिवशी उशीखाली पाकीट ठेवायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. विमान मुंबईला उतरायच्या आत त्याचा राग आलेला असेल, आणि तो खरा असेल. सोन्याची अंगठी, चांदीचा करंडा हेही नको. ती परतफेडच आहे, फक्त डबीत घातलेली, आणि तीही त्याला कळेल. देणाऱ्याला आपल्या पैशांचं पुढे काय झालं हे फार क्वचित कोणी सांगतं. ते सांगा. वायरिंग कुठून कुठे केलं, ओटा आता किती उंच घेतलाय, सासूबाई रोज ज्या पलंगावर दुपारी पडतात तो कोणता, याचे फोटो फोनमध्ये घेऊन जा. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ते वायरिंग वर घेतलेलं असल्याचा उपयोग झाला असेल तर तेही. हे यांनी सांगायचं, तुम्ही नाही. मित्राबरोबर सकाळी चालायला गेल्यावर, एकदाच, आणि मग विषय बंद. यांना जमणार नाही म्हणाल, तर चहासारखंच, आतापासून तयारी करून घ्या.

आणि मागच्या खेपेला ते हॉटेलात उतरले ते तुम्हाला लागलं असं लिहिलंत. गुडघ्याच्या ऑपरेशनचं तुम्ही त्याच्या आधीच्याच ओळीत लिहिलंय, दोन्हीचा संबंध मात्र लावला नाहीत. तुमची पाहुण्यांची खोली वरच्या मजल्यावर, आणि गावभागातल्या जुन्या घरांतला संडास कसा असतो ते मला माहीत आहे. ऑपरेशन झालेल्या बाईला तिथे उकिडवं बसवेल का? तिने भिडेखातर सांगितलं नसणार. पुढच्या जानेवारीत त्यांना हुरड्याला बोलवा, पंधरा दिवस, तुमच्याच घरी. त्याआधी तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांची सोय करा, कमोड बसवून घ्या आणि शेजारी भिंतीला धरायला दांडा लावा. प्लंबरला दसऱ्याच्या आत बोलवा, दिवाळीच्या तोंडावर कोणी मिळत नाही.